भिंतीला फिका निळसर-हिरवा रंग: ठाणे-नवी मुंबईच्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पाचपाखाडीत राहते आणि घरं सजवण्याची कामं खाडीच्या दोन्ही काठांवर घेते. "तो नाही का, फिका निळा पण जरा हिरवट…" असं म्हणत मोबाइलमधला फोटो पुढे करणारे इतके जण भेटलेत की तीच उत्तरं परत परत देऊन माझा घसा बसायची वेळ आली. म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. प्रश्न ज्या क्रमाने लोक विचारतात, साधारण त्याच क्रमाने आहेत.

हा नेमका निळा आहे की हिरवा?

दोन्ही, आणि सगळी गंमत नि सगळी भानगड त्यातच आहे. साडीच्या दुकानात याला सी-ग्रीन म्हणतात. जरा गडद झाला की तो रामा, आणखी गडद झाला की मोरपिशी. भिंतीला हवा तो याच घराण्यातला सगळ्यात फिका भाऊ. पांढऱ्या रंगात निळा आणि हिरवा अगदी थोडा, आणि त्यात किंचित काळा किंवा मातकट पिवळा. या शेवटच्या चिमटीकडे लक्ष द्या. ती नसेल तर भिंत पेपरमिंटच्या गोळीसारखी दिसते. ती असेल तर रंग जरा धुरकट, शांत होतो आणि वर्षानुवर्षं डोळ्यांना सोसतो. रंगाच्या दुकानातलं टिंटिंगचं यंत्र पांढऱ्या बेसमध्ये मोजून थेंब सोडतं. शेडमध्ये काय काय पडतं ते दुकानदाराला पडद्यावर दिसतं. काळा किंवा ऑक्साइड पिवळा आहे का, एवढंच विचारा.

काही जण याला "खाडीचा रंग" म्हणतात. त्यांनी ठाण्याची खाडी कधी जवळून पाहिलेली नसावी. ती चहाच्या रंगाची आहे.

ही परदेशी फॅशन आहे ना? आपल्या घरात परकी नाही वाटणार?

हा प्रश्न सासूबाई विचारतात, आणि मला तो फार आवडतो, कारण उत्तर त्यांच्याच लहानपणात असतं. कोकणातल्या किंवा देशावरच्या जुन्या घराच्या माजघराची भिंत आठवा. चुना भिजवताना त्यात नीळ टाकायचे. काही जण मोरचूदही टाकायचे, भिंतीला बुरशी आणि किडा लागू नये म्हणून. चुना आणि मोरचूद एकत्र आले की जो फिका निळसर-हिरवा तयार होतो तो बागायतदारांच्या चांगला ओळखीचा आहे. पोफळीवर आणि द्राक्षांवर फवारतात ते बोर्डो मिश्रण हेच. म्हणजे आज मॉलमध्ये ज्याला "कोस्टल लुक" म्हणून विकतात, तो आपल्याकडे बुरशीवरचा उपाय म्हणून आधीपासून भिंतीवर होता.

मात्र त्या नावाखाली शंख-शिंपले, नांगर आणि दोरखंड भिंतीवर टांगू नका. आपण कासारवडवलीत राहतो, रिसॉर्टमध्ये नाही.

शेड कार्डावर सुंदर दिसला, भिंतीवर भलताच निघाला. पेंटरने फसवलं का?

बहुतेक वेळा नाही. मी स्वतः या खड्ड्यात पडलेली आहे. माझ्या स्वतःच्या बेडरूमसाठी मी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली, आगपेटीएवढ्या चौकोनावरून रंग निवडला. घाई होती, आणि "आपल्याला कळतं" हा माज होता. दोन हात झाले आणि खोली चुइंगगमच्या वेष्टनात गुंडाळल्यासारखी दिसायला लागली. दोन महिने सहन केलं, मग पुन्हा रंगवली. पैसे माझेच.

होतं असं की एक भिंत दुसऱ्या भिंतीवर रंग फेकते. चारही भिंती एकाच रंगाच्या असल्या की प्रत्येकीवर बाकी तिघींचा उजेड पडतो आणि रंग कार्डापेक्षा भडक दिसतो. कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिका आणि थोडा अधिक राखाडी घ्या. कार्डावर "हा तर जवळपास पांढराच आहे" असं वाटणारी शेड भिंतीवर बरोबर बसते.

दुसरी चूक म्हणजे जुन्या भिंतीवरच नमुन्याचा पट्टा मारून बघणं. भिंत पीच किंवा बदामी असेल तर तिच्या शेजारी कोणताही निळसर-हिरवा दुप्पट निळा दिसतो. त्याऐवजी दोन बाय दोन फुटांचा पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा घ्या, पांढरा प्रायमर द्या, नमुन्याचा छोटा डबा आणून दोन हात मारा आणि कडेला दोन इंच पांढरी पट्टी सोडा. हा पुठ्ठा सकाळी सातला, दुपारी, संध्याकाळी पाचनंतर आणि रात्री दिवे लावून खोलीच्या वेगवेगळ्या भिंतींना टेकवून बघा. कोपऱ्यातही ठेवा, कोपऱ्यात रंग नेहमी गडद होतो. दोन दिवस द्या. निर्णय त्यातल्या सगळ्यात वाईट वेळी कसा दिसला त्यावरून घ्या, सगळ्यात चांगल्या वेळी सगळेच रंग चांगले दिसतात.

आमची खिडकी अमुक दिशेला आहे. चालेल का?

चालेल, पण तोच डबा प्रत्येक घरात वेगळा रंग देईल. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड आकाशाचा, म्हणजे थंड आणि निळसर. तिथे निळ्याकडे झुकलेली शेड उदास वाटते. हिरव्याकडे झुकलेली, किंचित पिवळा असलेली घ्या. दक्षिणेकडून हिवाळ्यात भरपूर ऊन आत येतं, तिथे थोडी निळी शेडही खुलते. ठाण्यात मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो, मधले दोन महिने तो उत्तरेकडून जातो. म्हणून मे-जूनमध्ये रंग ठरवलात तर दक्षिणेच्या खोलीचं खरं रूप तुम्ही पाहिलेलंच नसतं.

खाडीकडे तोंड असलेल्या घरांची एक मजा आहे. खाडी एकच, पण कोपरीच्या घरातून ती पूर्वेला आणि सीवुड्सच्या घरातून पश्चिमेला. कोपरीत हा रंग सकाळी चमकतो आणि दुपारनंतर शांत होतो. सीवुड्सला, पाम बीच रोडच्या बाजूला, तो दिवसभर सौम्य असतो आणि सूर्य मावळताना अर्धा-पाऊण तास राखाडी-शेवाळी होऊन जातो, कारण पिवळं-केशरी ऊन त्यातला निळा खाऊन टाकतं. नेरुळच्या एका घरातल्या आजोबांनी मला मुद्दाम संध्याकाळी बोलावून "बघा, रंग उडाला" असं दाखवलं होतं. सकाळी परत आला, हे त्यांनी नंतर फोन करून कळवलं.

येऊरकडे खिडक्या असलेल्यांनी जास्त सावध राहावं. पोखरण रोड, उपवनच्या बाजूला पावसाळ्यात समोरचा डोंगर हिरवागार होतो आणि तो हिरवा थेट छतावर नि भिंतीवर उतरतो. मार्च-एप्रिलमध्ये झाडं पानं गाळतात, तेव्हा तीच खोली तपकिरी उजेडात असते. अशा घरात मी नेहमी निळ्याकडे झुकणारी शेड सुचवते. हिरवा डोंगर फुकट देतोच आहे.

आणि समोर दुसरा टॉवर असेल तर दिशा विसरा. चाळीस फुटांवरच्या इमारतीचा रंग तुमच्या हॉलचा उजेड ठरवतो. समोरची इमारत विटकरी असेल तर हा रंग मेलेला दिसतो. पांढरी किंवा करडी असेल तर छान.

दिवे कोणते लावायचे?

याचं उत्तर रंगाआधी द्यावं, नंतर नव्हे. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे आपला नेहमीचा पांढराशुभ्र उजेड. यात निळसर-हिरवा बर्फाच्या कारखान्यासारखा होतो. ३००० म्हणजे पिवळसर. यात निळा विझतो आणि हिरवा वर येतो. मला ४००० हॉलसाठी सगळ्यात प्रामाणिक वाटतो, आणि पलंगाशेजारी ३०००. खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, जास्तीत जास्त १००) ९० किंवा जास्त लिहिलेलं असेल तर दोन पैसे जास्त देऊन तेच घ्या. स्वस्त बल्बखाली हा रंग मळकट दिसतो, आणि त्या उजेडात माणसांचे चेहरेही.

बाबांना मात्र पेपर वाचायला पांढरीच ट्यूब लागते, हे मला माहीत आहे. ती वेगळ्या बटणावर ठेवा.

हॉस्पिटलसारखं दिसणार नाही ना?

दहातले सात जण हे विचारतात, आणि भीती खोटी नाही. या रंगाची आणि दवाखान्याची गाठ जुनी आहे. १९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शर्मन या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या खोलीत पांढऱ्याऐवजी हिरवा आणला. रक्ताच्या लाल रंगाकडे बराच वेळ बघून नजर पांढऱ्यावर नेली की डोळ्यांपुढे निळसर-हिरवे ठिपके तरंगतात. मागचा कपडाच तसल्या रंगाचा असला की ते दिसत नाहीत आणि डोळ्यांवरची चकाकीही कमी होते. पुढे तो रंग जगभरच्या इस्पितळांत पसरला. आपल्याकडे त्यात भर पडली ती सरकारी इमारतींतल्या तेलरंगाच्या पट्ट्याची: कमरेपर्यंत किंवा खांद्यापर्यंत चकचकीत हिरवा, वर चुना, मध्ये एक काळी रेघ. डोळे मिटले तरी फिनाइलचा वास येतो.

पण बघा, त्या आठवणीत रंग एकटा गुन्हेगार नाही. चकाकी आहे, पांढरी ट्यूब आहे, उघडी पांढरी फरशी आहे, लोखंडी कॉट आहे, आणि लाकूड, कापड, पितळ यातलं काहीही नाही. घरात यातल्या दोन गोष्टी जरी मोडल्या तरी दवाखाना निघून जातो. भिंतीला मॅट फिनिश द्या. खोलीत सागवानी किंवा शिसवी रंगाचं निदान एक मोठं सामान असू द्या. जमिनीवर सतरंजी किंवा गालिचा. पितळेची समई, तांब्याचा हंडा, आजीचा डबा, जे असेल ते माळ्यावरून खाली काढा. पितळ आणि या रंगाचं इतकं जमतं की मी काही घरांत फक्त पितळेसाठी हा रंग सुचवला आहे.

फरशी आयव्हरी आणि कपाटं तपकिरी सनमायकाची आहेत. जमेल?

घोडबंदर रोडवरच्या निम्म्या घरांची हीच कहाणी. पिवळसर आयव्हरी व्हिट्रिफाइड फरशीशेजारी निळ्याकडे झुकलेली शेड भांडते: फरशी जुनाट दिसते आणि भिंत थंड. हिरव्याकडे झुकलेली घ्या, भांडण मिटतं. करड्या फरशीवर उलट. वाशी-नेरुळच्या जुन्या बैठ्या घरांत अजून मोझॅकच्या फरशा आहेत, काळ्या-पांढऱ्या-विटकरी चिप्सच्या. त्या उखडायला निघालेल्यांना माझी विनंती आहे की आधी पॉलिश करून बघा. या भिंतीखाली मोझॅक जितका देखणा दिसतो तितकी कोणतीही नवी फरशी दिसत नाही.

तपकिरी सनमायकात लालसर झाक असेल तर उत्तमच. निळसर-हिरव्याचा जोडीदार म्हणजे विटकरी, गेरू, तांबूस. म्हणूनच भिंतीवर थेट वारली काढण्यापेक्षा गेरूच्या पार्श्वभूमीवरचं वारली चित्र टांगा. पालघर २०१४ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत ही कला आपल्याच जिल्ह्यातली म्हणून ओळखली जायची, तेवढा हक्क आपला आहे. पांढऱ्या रेषा गेरूवर बोलतात, फिक्या हिरव्यावर त्या हरवतात.

छत, दारं, पडदे?

छत पांढरं, पण निळसर पांढरं नको, दुधी पांढरं. दारांना आहे ते लाकूड राहू द्या. पडदे सुती, कोऱ्या मांजरपाटाच्या रंगाचे. तेवढ्याने सपक वाटलं तर उशांचे अभ्रे खणाचे शिवा, जांभळ्या किंवा डाळिंबी. पडदे भिंतीच्याच रंगाचे मात्र नकोत.

स्वयंपाकघरात आणि देवघरात दिला तर?

स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर हा रंग छान दिसतो. फोडणीच्या बाजूला मात्र टाइल्स छतापर्यंत न्या. तेलाचा पिवळा थर या रंगावर पांढऱ्यापेक्षा लवकर दिसतो, कारण पिवळा पडलेला निळा म्हणजे घाणेरडा हिरवा. तिथे मॅट नको, किंचित चकाकीचं, धुता येईल असं सॅटिन घ्या.

देवघराचं प्रकरण वेगळं. हळदीचा डाग पडला की घरातले लगेच साबणाचं पाणी घेऊन धावतात आणि पिवळा डाग लाल होतो. घाबरू नका, रंग खराब निघालेला नाही. साबण अल्कली आहे आणि हळद अल्कलीत लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू याच गुणावर बनतं. साध्या ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि भिंतीवर ऊन येत असेल तर येऊ द्या, हळद उन्हात विटते. मुळात देवघरामागे आणि समईच्या वर काचेची किंवा दगडाची पट्टी लावलीत तर काजळी आणि कुंकू दोन्हींचा प्रश्न संपतो.

लहान खोली मोठी दिसेल का?

थोडी. फिके थंड रंग भिंत मागे ढकलल्यासारखे वाटतात, पण दहा बाय दहाची खोली बारा बाय बाराची होत नाही. प्रत्येक शेडला एलआरव्ही नावाचा आकडा असतो, काळ्याला ० आणि पांढऱ्याला १००, म्हणजे किती उजेड परत फेकते त्याचं माप. अंधाऱ्या खोलीत ६५ च्या खाली मी जात नाही. कपाटावरच्या बॅगा काढल्या तर रंगापेक्षा जास्त फरक पडतो.

भिंतीला ओल आहे. वरून रंग दिला तर झाकेल?

नाही. आणि या प्रश्नावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण आपल्या भागात रंग खराब होतो तो शेड चुकल्यामुळे नव्हे, ओलीमुळे.

इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो नैर्ऋत्येकडून भिंतीवर आपटतो. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत आधी बघा: खिडकीच्या खालचे कोपरे, बीम आणि विटांचा सांधा, एसीच्या पाइपचं भोक. दुसरी जागा बाथरूमच्या पाठीमागची भिंत, तिसरी वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत. पोपडे कुठे सुटलेत त्यावरून अर्धं निदान होतं. भिंतीवर पांढरी पावडर किंवा कापसासारखे तंतू दिसत असतील तर तो खार. पाणी विटा-प्लास्टरमधले क्षार विरघळवून पृष्ठभागावर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून रंगाला ढकलतात. काळे-हिरवे ठिपके असतील तर बुरशी. दोन्हींचं मूळ पाणी, पण उपचार वेगळे: खार कोरड्या ब्रशने खरवडून काढायचा, पाणी लावायचं नाही, बुरशी बुरशीनाशक द्रावणाने मारून, वाळवून मग पुसायची.

शंका असेल तर घरगुती परीक्षा करा. एक फूट चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि २४ तासांनी बघा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीतली दमट हवा जबाबदार. मग खिडकी उघडा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आतून वॉटरप्रूफ कोट मारला की काम झालं, असं सांगणारा ठेकेदार भेटला तर चहा पाजून पाठवून द्या. पाणी बाहेरून येत असेल तर तडे बाहेरून भरायला हवेत, आणि ते सोसायटीचं काम असतं. अर्ज द्या, पाठपुरावा करा, सभेत बोला. वरच्या बाथरूमची गळती असेल तर वरच्या शेजाऱ्यांशी गोडीने बोला, हा संवाद रंगकामापेक्षा अवघड असतो. भिंत सुकायला वेळ लागतो, तेवढा द्या. पोपडे निघालेल्या जागेचं प्लास्टर ठोकून बघा, पोकळ वाजलं तर काढून नवं करा. फिक्या रंगावर ओलीचा पिवळा कडा असलेला डाग फार स्पष्ट दिसतो. गडद रंग वर्षभर लपवतो, हा आठवडाही लपवत नाही. मी याला त्याचा गुण मानते.

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला आहे. लगेच रंगवावं का?

प्लास्टर निदान २८ दिवसांचं असायला हवं, हे तर झालंच. ताजं सिमेंट तीव्र अल्कली असतं, त्यावर रंग ठिपक्या-ठिपक्यांनी उडतो, म्हणून अल्कली सोसणारा प्रायमर मारा. जमल्यास बिल्डरने दिलेल्या पांढऱ्यावरच एक पावसाळा काढा. पहिला पाऊस कुठून आत येतो ते फुकटात कळतं.

पावसाळ्यात काम काढलं तर?

आतलं काम होतं, पण पुट्टी सुकायला दुप्पट वेळ लागतो आणि दोन हातांमध्ये पेंटर तेवढं थांबत नाही. गणपतीच्या आधी घाईने उरकलेल्या भिंतींना दिवाळीला भेगा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. माझी पसंती दिवाळीनंतर ते मार्च. दसऱ्याच्या आधी कारागीर मिळतच नाहीत, मिळालाच तर तो एकाच वेळी चार घरांत असतो.

कोणतं फिनिश? आणि किती लिटर लागेल?

मॅट. पेंटर चकाकीला दर्जा समजतो, त्याचं ऐकू नका. बिल्डरच्या भिंती क्वचितच सपाट असतात आणि खिडकीतून तिरका उजेड पडला की सॅटिनवर पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. लहान मुलं असतील तर धुता येण्यासारखं मॅट मिळतं, ते घ्या.

हिशेब स्वतः करा. दहा बाय बाराची खोली, उंची साडेनऊ फूट: २ × (१० + १२) × ९.५ म्हणजे ४१८ चौरस फूट. दाराचे २१ आणि खिडकीचे २० वजा केले की ३७७. दोन हातांना एक लिटर साधारण ६० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे सव्वासहा लिटरच्या आसपास. चारचा एक आणि एकचे तीन डबे आणा, उरलेला डागडुजीला ठेवा. ठेकेदार संपूर्ण घराचा अंदाज देताना कार्पेट एरियाच्या तीन ते साडेतीन पट क्षेत्र धरतात, छतासकट. कोणी चौपट सांगितलं तर टेप घेऊन त्याच्याबरोबर फिरा.

अर्धा रंग एका दुकानातून, उरलेला दुसरीकडून आणला तर?

आणू नका. फिक्या शेडमध्ये एका थेंबाचा फरकही दिसतो. एका खोलीचे सगळे डबे एकदम घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच सुरू करा. तरी कमी पडलाच तर नवा डबा भिंतीच्या मध्यावर नको, कोपऱ्यापासून सुरू करा.

घरात लहान बाळ आहे. वासाचं काय?

व्हीओसी (रंगातून हवेत उडणारी, वास देणारी रसायनं) कमी असलेला पाण्यातला इमल्शन घ्या, खिडक्या उघड्या ठेवा, बाळाला आठवडाभर आजोळी पाठवा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा आहे, त्यामुळे नव्या रंगाची मला तेवढी काळजी वाटत नाही. वाटते ती जुन्या घरांतल्या दारं-खिडक्यांच्या तेलरंगाची. तो सुका घासला की धूळ उडते आणि त्यात शिसं असू शकतं. ओला करून घासायला सांगा, आणि त्या दिवशी मुलांना घरात ठेवू नका.

वास्तूप्रमाणे हा रंग कुठे द्यावा?

मी वास्तू सांगत नाही. तुमच्या गुरुजींनी काही सांगितलं असेल तर ते मला पहिल्या भेटीत सांगा, दुसरा हात झाल्यावर नको.

भाड्याच्या घरात काय करू?

मालकांना विचारा, लेखी घ्या, आणि फक्त पलंगामागची एक भिंत रंगवा. घर सोडताना एक दिवसात पांढरी करता येते.

उरलेला रंग कसा ठेवायचा?

अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा राहते आणि रंगावर साय धरते. लोणच्याच्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, झाकणाखाली प्लास्टिक घाला, वर चिठ्ठी चिकटवा: शेडचा नंबर, खोली, तारीख. माळ्यावर नको, तिथे मे महिन्यात भट्टी असते, पलंगाखाली ठेवा. आणि ती बरणी लोणच्याची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.